अर्थ

वाशी नाक्यावर माझं गॅरेज आहे, म्हणजे
एक ताडपत्री, दोन जॅक
आणि शेजारच्या टायरवाल्याची उसनी हवा.

चांगुणाबाई वैतींची पिकअप
माहुलहून दोर बांधून ओढत आणली.
सत्त्याण्णवचं मॉडेल. हौद्यात अजून बर्फाचं पाणी,
फटीत सुकलेले खवले.
"गारी बसली र," त्या म्हणाल्या,
"भाऊच्या धक्क्यावर, पहाटे तीनला, भरल्या मालासकट.
पापलेटं बग्त बसली माज्याकडं."

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली. बिलं.
बॅटरी नवी.
स्टार्टर खोलून भरलेला.
एक्सलेटरची तार, दोनदा.
सगळी बिलं ओलसर, एकमेकांना चिकटलेली.

कुर्ल्याचे पास्कू मिस्त्री, ज्यांच्याकडे मी सहा वर्षं
नुसते नट धुतले, ते म्हणायचे,
आधी मालकाला बोलू दे, मग गाडीला,
पाना सगळ्यात शेवटी.
लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून
बसायचे इंजिनापाशी, डोळे मिटून.
निळा धूर? तेल पिते.
काळा? फिल्टर काढ, झटक, बघ.
पांढरा असला तर तोंड वाकडं करायचे
आणि चहा मागवायचे.

हिला धूरच नव्हता.
किल्ली फिरवली. टक्.
डॅशवरची एकवीरा आई, लाल दिव्यांची,
विझली, पुन्हा लागली.
टक्.

"अजून काय होतं?"
"काय नाय होत. तोच तर वांदा हाय."
"तरी?"
"ती तार तापते. पायाजवळची. पोराला चटका बसला."

तापते?
एक्सलेटरच्या तारेत वीज नसते.
ती नुसती ओढायची तार,
विहिरीच्या दोरासारखी.
तिला तापायचं काय कारण?

पाना खाली ठेवला मी तिथेच.

बॅटरीतून निघालेला करंट स्टार्टर फिरवतो
आणि त्याला परत जायचं असतं.
त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो.
चौथीत चव्हाणबाई विचारायच्या, अर्थ सांग,
तेव्हा मी बाकाखाली पेन्सिल शोधायचो.
आता दिवसातून दहादा म्हणतो, अर्थ बघ रे,
अर्थ सैल झालाय, अर्थ घासून घे.

तौफिक खाली सरकला, टॉर्च दातांत धरून.
"उस्ताद, पट्टी तर चांगली दिसते."
"ओढ."
ओढली, तर हातात आली.
आत तांबं नव्हतंच, हिरवी भुकटी होती.
सव्वीस वर्षं हौद्यातून ठिबकलेलं
माशांचं पाणी, थेंबाथेंबानं, त्याच एका बोल्टवर.
वर कुणीतरी हौसेनं काळा रंगही मारलेला.

घरची वाट बंद, म्हणून करंट
मिळेल त्या गल्लीत घुसत होता,
बारीक तारेतून, अंग चोरून, पोराच्या पायाला भाजत.
आणि चार मिस्त्री तार बदलत होते.
(मीही बदलली असती. चटक्याचं बाई बोलल्या म्हणून.)

जंपरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या खांबाला,
दुसरं थेट इंजिनाच्या अंगाला.
"मार किल्ली."
आणि ती उठली,
खोकत, थुंकत, ताडपत्रीवरची धूळ पाडत,
टायरवाल्याचं कुत्रं उठून पळालं.

पॉलिश पेपरनं चासी घासली, लोखंड दिसेपर्यंत.
नवी पट्टी, दातांचा वॉशर, वर ग्रीसचा लेप.
पट्टीचे एकशे ऐंशी, बाकी मजुरी.

बाईंनी बिलांचा गठ्ठा पुन्हा मोजला.
अकरा हजार चारशे.
जुन्या टायरवर बसल्या. काही बोलल्या नाहीत.
माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मग ती सडकी पट्टी उचलून
पिशवीत टाकली, बिलांसोबत.
"दाकवते एकेकाला."

जाताना मी म्हटलं, पहाटे चालू झाली
तर मिसकॉल द्या, उचलणार नाही.

रात्री हातांना डिझेल, मग साबण, तरी नखांत काळं.
पडून राहिलो. पंखा.
तीन वाजले.
तीन दहा.
बोल्ट नीट आवळला होता ना तौफिकनं?
वॉशर उलटा तर नाही?

तीन चौदाला फोन थरथरला,
एकदाच.